आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी एक म्हण मराठीत आहे. रोग एकीकडे आणि उपाय भलतीकडे, असे दिसले की माणसे ती सहज उच्चारतात. उच्चारताना खऱ्या आगीची वा खऱ्या बंबाची आठवण कुणाला होत नाही. परंतु अग्निशामक दलांच्या धोरणाचा विचार करू लागले म्हणजे या म्हणीचा शब्दार्थच पुढे उभा राहतो. गेल्या तीस वर्षांतील मोठ्या आगींकडे पाहिले तर बंब उशिरा पोचला, ही तक्रार पुष्कळदा ऐकू येते, आणि ती खोटीही नसते. तथापि माणसे मेली ती बहुधा बंबाची वाट पाहून नव्हेत. ती मेली बंद केलेल्या वाटेपाशी, धुराने भरलेल्या जिन्यात आणि गवताने शाकारलेल्या छपराखाली. त्या वास्तूंत आगीचा उगम होऊन बरेच दिवस झालेले होते. दिसू लागली ती मात्र त्या दिवशी.

दरवर्षी १४ एप्रिलला भारतात अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही मालवाहू बोट पेटली. बोटीवर सुमारे चौदाशे टन स्फोटके व दारूगोळा होता. वाटेत कराचीला तिच्यावर कापसाच्या हजारो गाठी चढविल्या होत्या, शिवाय लाकूड होते, तेलाची पिंपे होती. स्फोटके आणि कापूस एकाच बोटीत, आणि तेही एकमेकांच्या अंगाला अंग लावून! स्फोटके वाहणाऱ्या बोटीने लाल बावटा उभारावयाचा असतो. तो या बोटीवर नव्हता. दुपारी धूर दिसला, बंब आले, जवान बोटीवर चढले आणि त्यांनी पोटातल्या आगीवर पाण्याचा मारा सुरू केला. काठावर अधिकारी जमले. बोट जागीच बुडवावी, बंदराबाहेर ओढून न्यावी की पाण्याचाच मारा चालू ठेवावा, याविषयी प्रत्येकाचे मत निराळे होते. आणि आपले मत हुकूम म्हणून सर्वांवर बजावण्याचा अधिकार त्यांपैकी एकालाही नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ६६ जण कामावर असताना मरण पावले.

या ६६ जणांचे स्मरण होते ते त्यांच्या शौर्यासाठी, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दुपारी शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीची आणि अधिकाराची. बोटीच्या पोटात काय आहे, हे बंबावाल्याला धूर दिसण्यापूर्वी ठाऊक असावयास हवे होते, आणि धूर दिसल्यावर शेवटचा शब्द कुणाचा, हे त्या दिवसापूर्वी कधीतरी ठरलेले असावयास हवे होते. या दोन्ही गोष्टी नळीने किंवा शिडीने मिळत नाहीत. त्या कायद्याने, नियमांनी आणि दीर्घकाळच्या आग्रहाने मिळवाव्या लागतात. अग्निशामक दलाच्या प्रमुखांनी व त्यांच्या व्यावसायिक संघटनांनी आपली शक्ती कशासाठी वेचावी, हा प्रश्न इथून सुरू होतो.

तो प्रश्न भारतापुरता नाही आणि नवाही नाही. लंडनच्या अग्निशामक दलाचे आद्य अधीक्षक जेम्स ब्रेडवुड हे आपल्या व्यवसायाचे मोठे आचार्य होते. बाहेरून पाणी उडवीत बसण्यापेक्षा आत शिरून आगीच्या मुळाशी पोचावे, हा धडा त्यांनी जवानांना घालून दिला. पण टेम्सच्या काठावरील अवाढव्य वखारींचा धोका ते जाणून होते, आणि अशी एखादी वखार नीट पेटली तर आपले बंब पुरे पडणार नाहीत, हे त्यांनी पूर्वीच सांगून ठेवले होते. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटवरील वखारी पेटल्या. आग एका दालनातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून बसविलेले लोखंडी दरवाजे उघडेच राहिले होते, असे नंतर सांगण्यात आले. एक भिंत कोसळली आणि ब्रेडवुड तिच्याखाली सापडले. त्यांचे दल विमा कंपन्यांच्या पैशावर चाललेले होते. त्या आगीने कंपन्यांचे डोळे उघडले, त्यांनी हा भार पुढे वाहण्यास नकार दिला, आणि १८६५ च्या कायद्याने लंडनचे अग्निशामक दल सार्वजनिक खर्चाने चालू लागले. लंडनने ब्रेडवुडांना मोठा मान देऊन निरोप दिला. त्यांनी दिलेला इशारा मात्र ते हयात असताना कुणी मनावर घेतला नाही.

अमेरिकेत १८७१ साली शिकागो जळाले, १८७२ साली बॉस्टन. त्यानंतर १८७३ च्या ऑक्टोबरात निरनिराळ्या शहरांचे अग्निशामक प्रमुख बाल्टिमोर येथे जमले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. अग्निशामक प्रमुखांची आजची आंतरराष्ट्रीय संघटना तिच्यातूनच वाढली. त्या पहिल्या बैठकीपुढील विषय पाहिले तर थोडे नवल वाटते. बांधकामात ज्वालाग्राही पदार्थ किती वापरू द्यावेत, शिड्या पोचणार नाहीत इतक्या उंच इमारती बांधू द्याव्यात काय, सुटकेचे जिने कसे असावेत, इमारतींची रीतसर तपासणी कोणी करावी, अशा प्रश्नांना तिथे महत्त्वाचे स्थान होते. म्हणजे आग विझविणारी ही मंडळी पहिल्याच भेटीत गवंडी, सुतार आणि वास्तुशिल्पकार यांच्या कामाबद्दल बोलत होती! आपले काम बंबखान्यात सुरू होत नाही, नकाशाच्या कागदावर सुरू होते, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी उमगले होते.

उमगणे वेगळे आणि होणे वेगळे. त्याच बाल्टिमोर शहरात ७ फेब्रुवारी १९०४ रोजी आग लागली आणि ती सुमारे तीस तास धुमसत राहिली. दीड हजारांहून अधिक इमारती तिच्या भक्ष्यस्थानी पडल्या. मदतीला वॉशिंग्टनहून आणि इतर शहरांहून आगगाडीने बंब आले. माणसे आली, इंजिने आली, नळ्या आल्या. पण अनेक पाहुण्या नळ्यांचे जोड बाल्टिमोरच्या पाण्याच्या खांबांना बसेनात. प्रत्येक शहराने आपापले आटे पाडून घेतले होते. पुढे चौकशी झाली तेव्हा देशात नळ्यांच्या जोडांचे सहाशेहून अधिक प्रकार आढळले. एका पितळी जोडाच्या आट्यापायी शेजारधर्म निष्फळ ठरला. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाण ठरले खरे. ते सर्वत्र रुजायला मात्र पुष्कळ वर्षे जावी लागली.

आणखी एका अमेरिकी दाखल्याकडे पाहणे अवश्य आहे, कारण तो पैशाविषयी आहे. १९७३ साली तेथील राष्ट्रीय आयोगाने ‘अमेरिका बर्निंग’ या नावाचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या संपन्न देशात वर्षाला सुमारे बारा हजार माणसे आगीत मरत होती. अग्निशामक सेवेवर खर्च होणाऱ्या प्रत्येक डॉलरपैकी सुमारे पंचाण्णव सेंट आग विझविण्यावर जातात आणि ती लागू नये म्हणून जेमतेम पाच सेंट उरतात, असे त्या अहवालाने दाखवून दिले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, केंद्रीय पातळीवर अग्निविषयक प्रशासन उभे राहिले, घरोघर धुराची सूचना देणारी यंत्रे लागू लागली, बांधकामाचे नियम कडक झाले. लोकसंख्या पुष्कळ वाढली, तरी मृत्यूंचा आकडा उतरत उतरत तीन-चार हजारांच्या घरात आला. यात बंब वेगाने धावू लागले, याचा वाटा लहान आहे. माणूस आगीपूर्वी जागा झाला, याचा मोठा आहे.

भारतात स्वातंत्र्यानंतर या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पन्नासच्या दशकात केंद्रीय गृहखात्याने राज्यांच्या अग्निशामक सेवांना सल्ला देण्यासाठी स्थायी समिती नेमली. तीच पुढे स्थायी अग्निशमन सल्लागार परिषद झाली. अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी १९५६ साली रामपूर येथे महाविद्यालय निघाले आणि १९५७ साली ते नागपूरला आले. देशाच्या कानाकोपऱ्यातील अधिकारी तेव्हापासून नागपूरच्या उन्हात कवायत करून आपापल्या प्रांती परतत आले आहेत. अनेक वर्षे ते केवळ पुरुषांचे विद्यालय समजले जाई. २००२ साली नागपूरच्याच हर्षिनी कान्हेकर तेथे दाखल झाल्या आणि ही समजूतही संपली. १९७० साली राष्ट्रीय बांधकाम संहिता निघाली, तिच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षेचे नियम आले, आणि २०१६ पर्यंत त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या.

मग अडते कुठे? अडते ते सल्ला आणि हुकूम यांच्यामधल्या अंतरात. समितीने सल्ला द्यावयाचा आणि राज्याने तो मानावयाचा, अशी ही घडी आहे. बांधकाम संहिता ही शिफारस आहे; राज्याने वा नगरपालिकेने ती आपल्या नियमांत उतरविली, तरच तिला दात येतात. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशामक सेवेचे नाव घातले आणि नगरपालिकांकडे सोपविता येतील अशा कामांत तिची गणना झाली. परिणाम असा की, गोव्यात ही सेवा राज्याच्या संचालनालयाकडे, कर्नाटकात व केरळात राज्याच्या खात्याकडे, तर महाराष्ट्रातील शहरांत महानगरपालिका व नगरपालिका यांच्याकडे. श्रीमंत महानगराला नव्वद मीटर उंचीची शिडी परवडते. शेजारच्या नगरपालिकेला बंबाच्या चालकाची जागा भरणे परवडत नाही. आग मात्र हद्दीची पाटी वाचून थांबत नाही. बाल्टिमोरचे निरनिराळे आटे भारतात असे कायद्याच्या रूपाने नांदत आहेत. २०१९ साली केंद्र सरकारने राज्यांसाठी आदर्श विधेयकाचा नमुना तयार केला. २०२१ ते २०२६ या काळासाठी अग्निशामक सेवांच्या विस्ताराला ५,००० कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि त्यांतील ५०० कोटी रुपये कायद्यात व व्यवस्थेत सुधारणा करून दाखविणाऱ्या राज्यांसाठी राखून ठेवले गेले. रुपयातील दहा पैसे सुधारणेला! अमेरिकेतल्या पाच सेंटांपेक्षा हे प्रमाण बरे, इतकेच समाधान.

आता अलीकडच्या काही आगी डोळ्यांपुढे आणाव्यात. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात तळमजल्यावरील विजेच्या रोहित्रापासून आग लागली. प्रेक्षागृह जळाले नाही. तेथे धूर आला. बाल्कनीत जादा खुर्च्या बसविताना बाहेर जाण्याची एक वाट बंद झालेली होती. ५९ माणसे मेली. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेत स्वयंपाकघरातली ठिणगी छपराच्या झापांना लागली आणि ९४ मुले गेली. ९ डिसेंबर २०११ रोजी कोलकात्याच्या एका रुग्णालयात, मोटारी ठेवण्यासाठी असलेल्या तळघरात साठविलेल्या वस्तूंनी पेट घेतला. विषारी धूर वर चढला आणि अंथरुणाला खिळलेले नव्वदच्या आसपास जीव गुदमरले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या एका क्रीडागृहात २७ जण जळून मेले. त्या जागेला अग्निशामक दलाचे ना-हरकत प्रमाणपत्रच नव्हते. यांपैकी कोणत्या ठिकाणी आणखी एका बंबाने चित्र पालटले असते? खुर्च्यांची ओळ, झापांचे छप्पर, तळघरातला साठा, नसलेले प्रमाणपत्र या साऱ्या गोष्टी डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या, आणि त्या एका दिवसात उपजलेल्या नव्हत्या.

अशा आगीनंतर वर्तमानपत्रांत एक शब्द हमखास येतो, तो म्हणजे शॉर्टसर्किट. पूर्वी दैवगती हा शब्द जे काम करी, तेच आज तो करतो. वायर कुणी ओढली, तिच्यावर किती भार पडला, फ्यूज कुणी बदलला, हे प्रश्न त्या एका शब्दाखाली गाडले जातात. प्रत्येक शहराच्या दलाने आगीची नोंद एकाच नमुन्यात ठेवली, कारणाचा शोध अखेरपर्यंत नेला आणि तो लोकांपुढे मांडला, तर दहा वर्षांत या देशाला आपल्या आगींचे खरे शास्त्र हाती लागेल. हे काम सरकारच्या परिपत्रकाने होण्यासारखे नाही. वैद्यांनी जशी रोगांची नावे आपसांत ठरविली, तशी आगींच्या कारणांची नावे अग्निशामक अधिकाऱ्यांच्या संघटनांनीच ठरवावयास हवीत.

पण या संघटनांकडून याहूनही कठीण अशी एक अपेक्षा आहे. तपासणीला गेलेला अधिकारी जेव्हा जिन्यातील अडथळा पाहतो आणि प्रमाणपत्र नाकारतो, तेव्हा तो अगदी एकटा असतो. समोर इमारतीचा मालक असतो, मागे त्याचे स्नेही असतात, आणि वरून कधी कधी एखादा दूरध्वनी येतो. नकाराबद्दल त्याची बदली होऊ शकते. होकार दिला आणि पुढे आग लागली, तर निलंबन त्याच्याच वाट्याला येते, प्रसंगी तुरुंगही; राजकोटनंतर हे देशाने पाहिले. दोषी अधिकाऱ्याची गय करावी, असा याचा अर्थ नव्हे. प्रामाणिक नकाराला आधार नसेल, तर होकाराचीच सवय लागते, एवढाच याचा अर्थ. वकिलांच्या आणि वैद्यांच्या संघटना आपल्या व्यवसायबंधूच्या सचोटीसाठी उभ्या राहू शकतात. अग्निशामक अधिकाऱ्यांच्या संघटनांनी नकार दिलेल्या प्रकरणांची यादी ठेवावी, ती प्रसिद्ध करावी, आणि तो नकार डावलून इमारत चालू झाली तर ते निर्भीडपणे सांगावे. आज अशा संघटनांची संमेलने भरतात तेव्हा मंडपाबाहेर शिड्या, पंप आणि नळ्या विकणाऱ्यांची दालने थाटलेली असतात. त्यात वावगे काही नाही, यंत्रे हवीतच. परंतु विक्रेत्याच्या खर्चाने भोजन करणाऱ्या सभेला यंत्रांचीच निकड अधिक वाटू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे.

जवानांच्या जिवाचा प्रश्नही इथेच येतो. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत एका जुन्या इमारतीला आग लागली. इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशामक दलाचे चार अधिकारी गेले. त्यांत दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हेही होते. दाट वस्तीतल्या जुन्या, लाकडी सांगाड्याच्या इमारतीत माल भरलेला, वाटा अरुंद, आणि आत कोणी अडकले आहे काय, याची खात्री नाही. अशा वेळी आत शिरणे हा या व्यवसायाचा धर्म आहे आणि तो ब्रेडवुडांच्या काळापासून चालत आला आहे. म्हणूनच ती इमारत तशा स्थितीत उभी राहू देणे, हा शहराचा अपराध ठरतो. मृत्यूची दुसरी वाट मंद आहे आणि ती कुणाला दिसत नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने अग्निशामकाचा व्यवसाय हा मानवात कर्करोगास कारण होणारा असल्याचे जाहीर केले. आगीहून परतल्यावर काजळलेला पोशाख बंबखान्यातच झोपण्याच्या जागेशेजारी टांगून ठेवणे, ही पूर्वी मर्दुमकीची खूण मानली जाई. आता धुण्याची सोय, पोशाखाचा दुसरा जोड, श्वसनाची साधने आणि वर्षाची वैद्यकीय तपासणी या गोष्टी शिडीच्या उंचीआधी मागावयाच्या आहेत. निवृत्तीनंतर पाच-दहा वर्षांनी दुखणे उद्भवले, तर ते सेवेतले दुखणे मानले जावे, ही मागणी संघटनांनी केली नाही, तर दुसरे कोण करणार?

महाराष्ट्राने २००६ साली आगप्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा स्वतंत्र कायदा केला आणि २००८ च्या अखेरीस तो लागू झाला. त्यात एक साधे कलम आहे. इमारतीतील अग्निरोधक यंत्रणा चालू स्थितीत आहे, असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, दलाकडे द्यावयाचे असते. पंप सुरू होतो काय, टाकीत पाणी आहे काय, नळीला भोक पडले आहे काय, एवढेच त्यात पाहावयाचे. पुष्कळ गृहनिर्माण संस्थांत या नळीचा उपयोग मोटारी धुण्यासाठी होतो, आणि लाल पेटीत झाडू ठेवलेला आढळतो. एप्रिलच्या १४ ते २० तारखांना अग्निशमन सेवा सप्ताह होतो. मैदानावर प्रात्यक्षिके होतात, शाळेतली मुले शिट्या वाजवितात, जवान शिडीवरून सरसर उतरतात. त्यानंतर दहा आठवड्यांत जुलै येतो. जुलै संपला म्हणजे मुख्य अधिकाऱ्याच्या मेजावर आलेल्या प्रमाणपत्रांचा ढीग असतो. न आलेल्यांचा ढीग नसतो. त्यांची यादी शहरातील इमारतींच्या नोंदवहीशी ताडून करावी लागते, आणि त्या यादीतील पहिल्या पत्त्यावर माणूस पाठवावा लागतो. ते काम ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातले आहे.